साईड ए संपताना

गंगावेशीत माझं दुकान होतं, सात बाय नऊचं.
बाहेर पाटी: कॅसेट भरून मिळेल.
गिऱ्हाईक यादी आणायचं पाकिटाच्या पाठीवर,
विडीच्या बंडलाच्या कागदावर,
एकदा तर रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर,
आणि मी दोन डेक जोडून
रात्री अकरापर्यंत ओतत बसायचो.
पलीकडं दूधकट्ट्यावर म्हशीची धार
थेट पेल्यात पडायची, फेसासकट.
आमचे धंदे तसे शेजारचेच.

परवा चहाच्या गाड्यावर सर्जेराव बिद्रे म्हणाला,
"आता गाणी हैत कुठं? नुसता दणदणाट."
सगळ्यांनी माना हलवल्या. मीही.
मान हलवायला पैसे पडत नाहीत.
घरी येऊन मात्र वह्या काढल्या,
शहाऐंशीची, सत्त्याऐंशीची, कडा वाळवीनं कातरलेल्या.

एका महिन्यात तीनशे बारा गाणी भरलेली.
त्यातली दोनशे आज मला गुणगुणताही येईनात.
एक तर अकरा जणांनी मागितलेलं:
त्यात बाई सहा वेळा हाय हाय म्हणते
आणि सातव्यांदा शिंकते, एवढंच आठवतं.
समासात माझ्याच अक्षरात:
"बिद्रे वस्ताद. पोराची कॅसेट परत.
म्हणाले, ह्यात दम न्हाई, नुसता दणदणाट."
पोरगा म्हणजे सर्जेराव.
शब्द तेच. मिशी तेवढी बदलली.

हे मी गाड्यावर सांगणार होतो. नाही सांगितलं.
कारण पान उलटलं तर हिशेब निघाला,
गाणं दीड रुपयाला पडायचं तेव्हा.
दीड रुपयाचं वाईट गाणंसुद्धा
माणूस शंभरदा ऐकायचा,
फीत गुंतली तर पेन्सिल घालून सोडवायचा,
आणि शंभराव्या वेळी ते चांगलं व्हायचं.
गाणं चांगलं व्हायचं की माणूस,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या आठवड्यात इलाही शिकलगार आला.
उद्यमनगरातल्या फौंड्रीत एकतीस वर्षं,
उजवा कान तिथंच राहिला.
सोबत मुलगी, सनोबर, हातात फोन.
"अब्बांना एक गाणं हवंय. मी लावलं,
तर म्हणतात हे नाही,
ह्याच्या मागनं लागतंय ते."

मला हसू आलं. मागनं लागणारं मी लावलेलं.
एका बाजूला तीस मिनिटं. सहा गाणी बसली
की दोन-अडीच मिनिटं फीत मोकळी उरायची,
आणि मोकळ्या फितीचे पैसे
आमच्याकडचं गिऱ्हाईक देत नाही.
म्हणून मी ठिगळ लावायचो:
पडलेल्या पिक्चरमधलं, कुणी न मागितलेलं,
फक्त मापात बसणारं.
वहीत ठिगळांची नोंद नाही.
ना पिक्चर, ना गाणारीचं नाव.

इलाहीनं मग डाव्या कानावर हात ठेवून
गाऊन दाखवलं. सूर गेलेला, चाल पाठ.
पेठेतल्या किती घरांत
ते एक गाणं संपलं की
हेच सुरू होत असेल अजून, आतल्या आत,
माझ्या दोन मिनिटांच्या अडचणीपायी.
सनोबर म्हणाली, "भारी आहे हे. कुणाचं?"
म्हटलं, माहीत नाही.
तिनं बापाचा आवाज फोनमध्ये घेतला.
बाप लाजला, तरी दुसरं कडवं म्हटलंच.

रात्री जेवून रंकाळ्यावर गेलो.
कठड्यावर चार पोरं, मध्ये तपकिरीच्या डबीएवढा स्पीकर.
गाणं आजचं. शब्द मला लागले नाहीत.
मधेच एक ढोलकी आली, यंत्रातली,
पण आली.
जुन्या सवयीनं मनगटाकडं पाहिलं:
दोन मिनिटं बावीस सेकंद.

बरोबर बसलं असतं.